साहेबांना सोबत

...आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, ह्या माशाला सोबत लागत नाही!" अहो, लागत नाही म्हणजे? तुम्हाला सांगते, त्या माशांच्या दुकानदाराचं अजून लग्न झालेलं नाही, त्याला काय कळणार सोबत कशाला म्हणतात ते! मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, एकवीस वर्षं झाली, आणि साधी चादर घ्या, तिलासुद्धा दुसरी दोन टोकं धरायला समोर माणूस लागतं. मग माशाला नको? मी आपलं चांगल्या मनानं सोबत बघायला गेले, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

थांबा, आधी मासा कुठला ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई कशावरून कशावर जाते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा आणि हे. त्या टेबलावर बरणीत हा मासा. फायटर म्हणतात त्या जातीचा. निळा गर्द, शेपटी ही एवढी, पडद्यासारखी. हे त्याला साहेब म्हणायचे. का, तर केबिनमध्ये एकटा बसतो आणि कुणी समोर आलं की फुगतो! गेल्या वर्षी हे गेले. घड्याळं ज्याची त्याला पोचती केली, टेबल विकलं, दिवा विकला... आणि साहेब राहिले. त्यांना न्यायला कोण येणार? आणलं घरी.

मग मुलीचा फोन. "आई, एकटी राहू नकोस गं. आत्यालाही कुणी नाही, तिला बोलाव. दोघींना सोबत होईल." आत्या म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. बोलावलं. आल्या. आणि आल्या आल्या कुठे बसाव्यात? ह्यांच्या खुर्चीत! त्या खुर्चीच्या गादीला ह्यांच्या बसण्याचा खळगा होता हो, मी वर्षभर तिच्यावर साधा टॉवेल टाकला नव्हता. म्हटलं, वन्सं, तिथे नको. तर म्हणतात, "माझ्या भावाचीच ना?" म्हटलं, भाऊ तुमचा असेल, खुर्ची माझ्या नवऱ्याची आहे! मग काय, रोज सुरू. झाडू उलटा का ठेवला, दिवा का मालवला, खोकता ते इतकं मोठ्यानं का... बाराव्या दिवशी मी म्हटलं, वन्सं, पिशवी तुम्ही भरता की मी भरू?

त्यांनीच भरली.  निघताना साहेबांना चार दाणे टाकले आणि गेल्या. माझ्या घरात मी दोन शब्द बोलले, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

पण मग घर असं गप्प झालं... असं गप्प झालं की फ्रिज थांबला तरी दचकायला व्हायचं. आणि साहेबांनी खाणं सोडलं! काचेला नाक लावून बसलेले. दाणे वर तरंगतायत, साहेब ढुंकून बघत नाहीत.  म्हटलं, हाही जाणार. ह्यांच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलेलं, आणि तेही एकटेपणानं जाणार!

गेले दुकानात. दुकानदार "नको, नको" करतोय तरी तीन गप्पी मासे घेतले, रंगीत, झुळझुळीत शेपट्यांचे. सोडले बरणीत आणि कामावर गेले. दुपारी येऊन बघते तर काय! शेपट्यांच्या चिंध्या, दोन वर तरंगतायत, तिसरा दगडामागे. आणि साहेब मधोमध, कल्ले फुगवून! म्हटलं, मेल्या, तुझ्यासाठी आणले ना?

तिसऱ्याला वाटीत घेऊन परत दुकानात. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणतो, "मावशी, त्याला लांब शेपटी दिसली की वाटतं दुसरा फायटर आला!" म्हटलं, मग आखूड शेपटीचे दे. मला कसली घाई झाली होती कुणास ठाऊक, त्याचं पुढचं न ऐकताच एका टाकीकडे बोट केलं. पट्टेवाले, चपळ. त्यांनी साहेबांचीच शेपटी कुरतडली! दोन दिवसांत पडद्याची चाळणी. मी त्यांना पातेल्यात घालून परत नेलं आणि दुकानात उभी राहून भांडले, आणि भांडता भांडता... रडले. काय करू? म्हटलं, अरे, मरेल रे तो.

पोरगा बिचारा घाबरला. स्टूल दिलं. म्हणाला, "मावशी, आता नीट ऐका. बरणी सोडा, मोठी टाकी घ्या. सोबतीला तळाशी फिरणारे घ्या, हे मिशावाले, ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण एक करा. साहेबांना आधी बाहेर काढा."

"बाहेर? राहतोय तो त्याच्या घरात!"

"तोच तर घोळ आहे ना! जो आधीपासून राहतो त्याला ती सगळी जागा आपली वाटते. नवा आला की तो मारणारच. म्हणून नव्याला आधी राहू द्यायचं. दगड हलवायचे, झाडं हलवायची, जुनी खूण काही ठेवायची नाही. आणि जुन्याला शेवटी सोडायचं."

मी रिकामं पातेलं पुसत बसले. तो म्हणतो, "मावशी, समजलं ना?" म्हटलं, समजलं रे बाबा. माशाचं समजलं, आणि दुसरंही समजलं.

केलं तसंच. मिशावाले चार दिवस टाकीत नांदले, मग साहेबांना सोडलं. साहेब सगळीकडे फिरून आले. आपला दगड शोधतायत, दगड नाही. मिशावाला समोर आला. फुगले... माझा हात मासा काढायच्या जाळीवर... आणि हळूच कल्ले मिटले. वर आले आणि एक दाणा खाल्ला. एकच! पण खाल्ला.

त्याच संध्याकाळी फोन लावला. "वन्सं, मी आठ दिवस मुलीकडे चालले. किल्ली शेजारी ठेवते. तुम्ही या राहायला. जे हलवायचं ते हलवा."

 मग म्हणतात, "वहिनी, तुम्हाला बरं नाहीये का?"

म्हटलं, "नाहीये. म्हणून तर या."

नवव्या दिवशी आले. स्वतःच्या दाराची घंटा स्वतः वाजवली! वन्संनी दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "या." मला! माझ्या घरात! अश्शी फुगले... आणि पिशवी उचलली. आत गेले. ह्यांची खुर्ची खिडकीपाशी, तिच्यावर नवीन उशी. उशीखाली खळगा असेल की गेला असेल, कोण जाणे. उचलून बघायला हात पुढे झाला होता, तसाच मागे घेतला आणि म्हटलं, चहा टाकू. फळीवरचा डबा न बघता उघडला तर त्यात डाळ. शेजारच्यात तांदूळ. वरच्यात साबण, खायच्या फळीवर साबण!

म्हटलं, "वन्सं... साखर कुठे ठेवलीत?"

"तुम्ही बसा वहिनी, दमून आलात. मी करते."

बसले.