बारा उंदीर

पैठणच्या बसमध्ये पुढच्या बाकावर एक आत्या आणि फार्मसी शिकणारी तिची भाची बोलत होत्या.

"मेघा, उंदरांपायी सरांशी भांडलीस म्हणं?"

"भांडले नाही, आत्या. औषध तपासायला चाळीस उंदीर सांगितले होते. मी गणित मांडून दाखवलं, बारांत भागतं. उद्या कॉलेजची कमिटी ठरवणार."

"अन् नाय मानली तर?"

"तर माझं वर्ष जाईल. चाळीस मी मारणार नाही."

"बारा मारशील?"

"मारावेच लागतील. माणसाच्या काळजाला औषध बाधतंय का, ते आधी कळायला पाहिजे ना. पण त्या बारांना रोज हातात घेईन, माझ्या हाताची सवय होईल. शेवटच्या दिवशी घाबरायला नकोत."

"जाऊ दे वर्ष गेलं तर. दादाला मी समजावते. अन् औषध निघालं की पहिली गोळी मला दे. तुझ्या हातची मी डोळे झाकून घेईन."