चाकामागचा दादा

सांगायची लाज वाटते, पण ऐका. अमरावतीत दादानं सुटे भाग जोडून घरीच गाडी बांधली. चिखल लागू नये म्हणून चाकांच्या वर आतून रबराचं अस्तर लावायचं राहिलं, आणि तो गेला.

रबर आणेपर्यंत मला धीर कुठला? माळ्यावर एक फ्लेक्स होता. पांढरी बाजू बघूनच कापला आणि अंधारात चाचपडत ठोकला. मग गाडी थेट अकोल्याला, वहिनीच्या माहेरी नेली.

तिचा भाऊ वळलेल्या चाकाशी वाकला. “अबे, चाकामांगं जिजाजी कावून लावले?”

मीही वाकलो. चिखलाच्या शिंतोड्यांत दादा हसत होता. तो त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता.

वहिनी बाहेर येताना दिसली, तसं मी स्टिअरिंग फिरवून दादाला टायरआड लपवलं.

ती म्हणाली, “भाऊजी, त्यायचं राह्यलेलं काम तुमी केलं म्हने. मले दाखवा ना.”