भोवत्यांची रास

लिहिण्यात चुका असतील, माफ करा, आठवीतून शाळा सुटली, भारी शब्द मला येत नाहीत, साधंच लिहून आणलंय, पण मेडशीच्या पुढं आमचं गाव, ते गाव उठून मलाच विचारतं, असं कसं रे मोजलं? आता तुम्हाला सांगतो, आपण नुसते मोजणारे!

भोवत्या ठाऊक आहे ना? लांब पंखांचा शिकारी पक्षी, दर साली पावसाळा सरला की दूर उत्तरेतून येतो, आमच्या गायरानात टोळ-उंदीर शोधत हिंडतो, आणि दिवस मावळताना तिथंच गवतात उतरून झोपतो... झाडावर नाही, जमिनीवर! आणि त्याच जमिनीत झाडं लावायला खड्डे करायचे ठरलेले. संशोधनवाल्या विजयमाला मॅडमनी विनवलं, तेव्हा सरपंच दौलतराव म्हणाले, शंभर पक्षी दाखवा, गवत सोडतो. कमी भरले तर सकाळी जेसीबी लावतो. आणि मोजायची संध्याकाळ एकच, दुसरी मिळत नाही. मॅडमनी मोजायला मला न् आमच्या गावच्या ग्यानबाकाकांना लावलं.

गेलो. गवतात खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा आखलेल्या, कडेला जेसीबी उभा, दात जमिनीला टेकवून, वारा बंद, एक टिटवी ओरडेना. पण आपण नुसते मोजणारे! दुर्बीण एकच, ती ग्यानबाकाकांकडे दिली, कारण नजर त्यांची. जन्मभर खळ्यावर धान्याची रास मोजलेला माणूस. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही खळ्याची रीत, म्हणून तेही "लाभ... दोन... तीन..." बोलत गेले आणि मी रेघा ओढत गेलो. नऊ थवे उतरले, नेमके चुन्याच्या खुणांमध्ये. रेघा त्र्याण्णव. तिथूनच फोनवर मॅडमना न् सरपंचांना आकडा पाठवला, तसा नियमच आहे.

परतताना काका खुशीत म्हणाले, "दरेक थव्यातला शेवटचा सोडला म्या. पुरी रास मोजली का बरकत जाते, लेका."

नऊ थवे, नऊ पक्षी, म्हणजे एकशे दोन! तिथंच थांबलो. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, पाठवलेला आकडा आता बदलला तर पुढं आपला एकही आकडा कुणी खरा मानणार नाही. दौलतरावांकडे गेलो, मान खाली घालून सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत हो, तेच वाईट. म्हणाले, "आकडा त्र्याण्णवच हाये. पण इमानदार हायेस तू. खड्ड्याच्या कामावर असाच माणूस पायजे मले. सकाळी ये."

नाही म्हणायला तोंड लागतं, ते मला कुठं आहे? आपण नुसते मोजणारे...

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. उजाडायच्या आत जेसीबी सुरू झाला, गवतातून सगळे पक्षी एकदम उठले, मी वर बघितलं नाही, खाली बघत खड्डे मोजले. उन्हं चढेपर्यंत एकसष्ट. दौलतरावांनी परत मोजायला लावलं नाही.