नीलव्वाची दोन उत्तरं

मंडळी, एक सांगा. माणूस जास्त खोटं कुणापुढं बोलतो? परक्यापुढं? छे! परका उद्या एस्टीत बसून निघून जातो. खोटं बोलायचं ते घरच्यांपुढं! का? ऐका.

जतच्या पलीकडं एक गाव. अर्धं मराठी, अर्धं कानडी. तिथं विद्यापीठातून मेधाताई आल्या – स्वभाव मोजायला! हसता काय? ताप मोजतात, मग स्वभाव का नाही? परदेशात प्रश्न तयार झाले – तुम्ही तापट आहात का, लाजाळू आहात का. त्यांची मराठी केली, कानडी केली. आता दोन्हीकडं ते सारखेच लागू पडतात का, हे तपासायचं होतं. म्हणून दोन्ही भाषा येणारं माणूस हवं. त्याला दोनदा विचारायचं आणि उत्तरं जुळतात का बघायचं.

गावानं नाव सुचवलं नीलव्वाचं. माहेर कानडी, सासर मराठी. झालं! थोरली जाऊ पारूबाई जळून कोळसा. "धाकटीला खुर्ची, आणि आमी चुलीपुढं?"

मेधाताई समजूतदार. त्यांनी पारूबाईलाही मराठीत विचारलं, "तुम्हाला कुणाचा हेवा वाटतो का?"

"मला? शिवलासुदीक न्हाई." आणि डोळे कुठं? नीलव्वाच्या खुर्चीवर!

मग नीलव्वाला विचारलं. सासू मघापासून दारातच उभी. नीलव्वा म्हणाली, "नाही."

आठवड्यानं तोच प्रश्न कानडीत. सासूला कानडी कळेना, ती कंटाळून शेजारी गेली. नीलव्वानं रिकाम्या दाराकडं बघितलं आणि ती बोलली. मी मराठीत सांगतो – "वाटतो. अक्कांचा, थोरल्या जाऊबाईंचा. पंचमीला त्यांचा भाऊ न्यायला येतो. मला भाऊ नाही. तो आला की मी गोठ्यात जाऊन बसते. मला बघवत नाही."

मेधाताई गोंधळल्या. तिथं नाही, इथं होय. म्हणाल्या, "भाषांतर चुकलं वाटतं."

खिडकीबाहेर पारूबाई कान देऊन उभी! तिला कानडी येत नाही, असा सगळ्यांचा समज. अहो, इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली! नीलव्वा लेकराला कानडीत निजवायची, म्हशीला कानडीत शिव्या घालायची. पारूबाईला सगळं कळत होतं. जिच्यावर आपण जळतो, ती गोठ्यात बसून रडते, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

ती तडक आत आली. "बाई, तुमचं काय चुकलं न्हाई. माझं उत्तर खोडा. मला हेवा वाटतो, हिचाच. सासू हिच्या हातची भाकरी मागून घेती. माझी कधी मागितली न्हाई."

"अहो, असं मध्येच बदललं तर माझी तपासणी बिघडते."

"बिघडू द्या. तवा सासू दारात हुती."

नीलव्वाची मान खाली. "अक्का, तुम्हाला कानडी येतं?"

"तुझ्याकडनंच शिकले. औंदा भाऊ आला की दोघी माझ्या माहेरी जाऊ. त्याला एक भन जास्त झाली म्हून काय बिघडत न्हाई."

मंडळी, आता मी विचारतो. जावा जावांशेजारी बसल्यात, भाऊ भावांशेजारी. तुमच्यापैकी कुणाला हेवा वाटतो? हात वर करा. एकही नाही? बरं. तुमच्या शेजारच्याला वाटतो का? बघा, बघा, किती हात वर झाले! आता खाली घेऊ नका. तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवा, आणि मग विठ्ठलाचं नाव घ्या.