दिव्यानीच्या कॉम्प्युटरचा मेंदू

(आरमोरी. बसस्टँडमागचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर तांदळाचा डबा, त्यातून निघालेली फडक्याची पुरचुंडी.)

इस्तारी : बोट नका लावू जी मास्तर. फडक्यानं धरा. दिव्यानी सांगे, बोटाचं तेल लागलं का खराब होते म्हने.

सूरज : बराबर सांगे. पण भाऊ, हे तं नुसतं प्रोसेसर हाय. बाकीचं कुठी हाय?

इस्तारी : बाकीचं कायले पाह्यजे? मेंदू आनला ना मी.

सूरज : हा तुम्ही काढला?

इस्तारी : मीच. पोरीनं एक डाव काढून दाखवला होता. वरचा पंखा काढाचा, बाजूचा खटका उचलाचा, मंग दोन बोटांनं अलगद. पाहा, एक ओरखडा नाई.

सूरज : काढला तं एक नंबर. माह्या क्लासचे पोट्टे बी असा नाई काढत. पण पेटी काऊन नाई आणली?

इस्तारी : पेटी तं मेली. मिरगात लाईनीवर वीज पडली, तवापासून सुरूच होये ना. पोरीची माय रोज पेटी पुसे अन् रोज रडे. पोळ्याच्या आधी लच्छू भंगारवाला आला. म्हटलं, मेलेली पेटी घरात ठेवून का करू? मेंदू काढला, पेटी देऊन टाकली. तांदळात ठेवला याले, सर्दी नाई लागत. धान निघालं, आता मोकळा झालो. दुसऱ्या कॉम्प्युटरात बसवा अन् तिचा आवाज काढून द्या. बस, येवढंच काम हाय.

सूरज : कोणता आवाज, भाऊ?

इस्तारी : तुमी क्लासात शिकवत ना, थे घरी येऊन मोठ्यानं बोले अन् कॉम्प्युटरात भरून ठेवे. म्हने, बाबा, मी मास्तरीन झाली का असंच शिकवीन. मंदातच तिची माय चुलीपासून हाक मारे, जेवाले ये वो. थे बी भरून जाये. मंग दोघी मायलेकी लावून लावून हासत. वर्ष झालं जी तिले जाऊन. तोंड दिसते मले, आवाज नाई येत. आवाज इसरून राह्यलो मी, मास्तर.

सूरज : बसा. पाणी घ्या.

इस्तारी : पानी मंग. पयले बसवा.

सूरज : याच्यात आवाज नाई, भाऊ.

इस्तारी : बसवल्याबिगर कसं समजलं तुमाले?

सूरज : याच्यात कोणाचाच आवाज नसते. कसं सांगू... तुम्ही तलावात जाता. डोंग्यात बसून जाळ्यातली एक मासोळी उचलता, कोणती हाय ते पाह्यता, टोपल्यात टाकता. मंग दुसरी. बराबर?

इस्तारी : हो.

सूरज : हा तेवढंच करते. एक हुकूम उचलते, पाह्यते का करायचं हाय, करते, सोडते. मंग दुसरा. सेकंदाले करोडो डाव. पण हातात किती मावते? दोन-चार. टाकलं का हात खाली. मागची कोणती होती, याले मालूम नाई.

इस्तारी : माह्या हाताले तं मालूम रायते. डोळे झाकून सांगतो, मरळ हाय का रोहू.

सूरज : तुमचा हात माणसाचा हाय. याचा करंट गेला का कोरा.

इस्तारी : मंग टोपल्यात असन. टोपलं तं हाय ना?

सूरज : टोपलं म्हणजे रॅम. करंट गेला का तेबी पाण्यात पालथं. घरी सुकवून ठेवलेलं तेवढं राह्यते. सुकटीवाणी. वर्ष जावो का दोन वर्षं. त्याले हार्ड डिस्क म्हणते. चपटा डबा असते लोखंडाचा, पेटीतच, खालच्या बाजूनं. चार स्क्रू लावलेला.

इस्तारी : चपटा? पुस्तकायेवढा?

सूरज : हो.

इस्तारी : पाह्यला मी थो. जड होता. लच्छू म्हने, भाऊ, याचंच तं वजन हाय.

सूरज : ...वीज पडून बोर्ड जळलं असन फक्त. डिस्क निघत होती बहुतेक. अर्ध्या घंट्याचं काम होतं.

इस्तारी : मंग लच्छूले फोन लावा ना! बसले काऊन?

सूरज : थांबा. हॅलो, लच्छू? सूरज बोलतो, कॉम्प्युटरवाला. इस्तारीभाऊची पेटी नेली होती ना तू, पोळ्याच्या आधी... हो. फोडली? बरं, अन् आतला चपटा डबा... कधी? दसऱ्याच्या आधीच? नाई, नाई, काई नाई. ठेवतो.

इस्तारी : का म्हने?

सूरज : सारा माल नागपूरले गेला. वितळवते तिथी.

इस्तारी : पन तुमीच तं शिकवलं! तुमच्या क्लासात भिंतीवर चित्र हाय. तिनं वहीत तसंच काढलं होतं. बान काढून लिवलं होतं, मेंदू. खोटं हाय का?

सूरज : मीच शिकवलं. दरसाल शिकवतो. पोट्ट्याईले सोपं पडते म्हणून.

इस्तारी : तिचा ताप मेंदूत गेला, तवा डाक्टरनंबी तेच सांगतलं. म्हने, वळख, याद, सारं मेंदूतच रायते. म्हनून तुमाले वळखून नाई राह्यली. तीन दिवस माह्याकडं पाहे, मास्तर, अन् कोन मानूस हाय असं पाहे. बाबा म्हटलं नाई. तवाच डोक्यात पक्कं बसलं माह्या. बाकी सारं जाऊ दे, मेंदू जाऊ नाई द्याचा. मी अडानी असन, पन इचार करून केलं जी हे.

सूरज : माफ करा, भाऊ. चूक माही हाय.

इस्तारी : तुमी कायले? लच्छूच्या गाडीवर पेटी मी चढवली. थो म्हने, राहू द्या भाऊ, मी उचलतो. मीच म्हटलं, नाई, मी ठेवतो, बराबर ठेवतो. एक डाव देवानं नेली, एक डाव मी सोता देली.

सूरज : असं नका बोलू.

इस्तारी : मंग कसं बोलू?

सूरज : ...दिव्यानीच्या मायले सांगतो मी. तुम्ही नका सांगू.

इस्तारी : नाई! तिले काईच नाई सांगाचं. रस्त्याच्या पलीकडं बसली हाय. म्हने, माही छाती धडधड करते, तुमीच जा. चार दिवस झाले, धड जेवली नाई, आज आवाज आयकाले भेटन म्हनून.

सूरज : मंग का सांगायचं तिले?

इस्तारी : मालूम नाई. डोकंच चालून नाई राह्यलं... आली पाहा.

मनकर्णा : झालं का जी? येवढा टाइम? बोलली का पोरगी?

सूरज : बाई, तुम्ही आधी बसा...

इस्तारी : बोलली.

मनकर्णा : बोलली? माह्यी शपथ? का म्हने?

इस्तारी : थोच धडा. अन् मंदात तू हाक मारली, तं आली वो माय, म्हने.

मनकर्णा : आली वो माय, म्हने?

इस्तारी : हो.

मनकर्णा : आवाज बरा होता? कनतबिनत नव्हती ना?

इस्तारी : बरी होती. हासत होती.

मनकर्णा : मले आयकवा ना, मास्तर. इथंच उभी रायतो, बसत नाई. थोडंसंच लावा.

इस्तारी : आता नाई होत. एकच डाव वाजलं, अन् मंग जळालं. हो ना, मास्तर?

सूरज : ...हो बाई. एकच डाव.

मनकर्णा : मी तं समोरच बसली होती जी. मले एक हाक काऊन नाई मारली?