लॅपटॉपाला गाऱ्हाणं

परशुराम : नारळ खंय ठेवू? त्याच्यार काय बाजूक?

अक्षया : आजोबा, लॅपटॉपाक नारळ नको.

परशुराम : फुकट काम करता म्हणालंस ना? मगे त्याका मान नको?

अक्षया : हे सॉफ्टवेअर सगळ्यांनाच फुकट आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. आत काय चाललंय ते कोणीही उघडून बघावं.

मथुरा : म्हणजे गावकीच. ठेवूक दी गो नारळ.

परशुराम : (हात जोडून) बा म्हाराजा, दोन पानां तुझ्या पुढ्यात आसत. एक माझ्या हापुसाचा, एक माझ्या भावाच्या, दत्तारामाच्या हापुसाचा. एकोणीस वर्सां आमी बोलणंव नाय. माझ्या कलमाची काडी त्येना न विचारता कापून नेल्यान काय नाय, त्येचो आज निवाडो कर, म्हाराजा.

मथुरा : व्हय म्हाराजा.

परशुराम : फाल्या सकाळी त्याच्या लेकीचा, दीपिकाचा लगीन. तो चोर ठरलो तर मी जावचंय नाय.

मथुरा : आणि नाय ठरलो तर?

परशुराम : बघू.

अक्षया : दोन्ही पानांचा डीएनए कॉलेजात वाचून घेतलाय. आता हे त्याची अक्षरं एकाखाली एक लावून बघेल. झालं. एकही अक्षर वेगळं नाही.

परशुराम : गावलो चोर. मथुरा, ती आहेराची साडी परत कपाटात ठेव.

अक्षया : थांबा. कणकवलीच्या कॉलेजातल्या झाडाचं पान पण घातलं होतं. आणि आजीच्या माहेरचं, इन्सुलीचं. तीही अगदी तशीच.

परशुराम : कणकवलीकारांनीय माझीच काडी नेल्यानी? आणि इन्सुलीक तर तपासणी नाको आसा. थयसून गेली कशी?

अक्षया : आजोबा, कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी. सगळो हापूस एकसारखोच. कोणाची कोणी नेली, ता ह्याका कळाचा नाय.

परशुराम : मगे नारळ घेतल्यान कित्याक?

मथुरा : ह्याका कळाचा नाय, माका कळता. तुमी माका बघूक इलास, तेव्हा हात धुवूक म्हणान परसात गेलास. परत इलास तेव्हा छत्रीत आमच्या हापुसाची काडी होती.

परशुराम : तुका म्हायत होता?

मथुरा : छत्री माझ्या बापाशीची होती. तीय परत दिलास नाय.

परशुराम : इतकी वर्सां बोललंस नाय?

मथुरा : बोललंय असतंय तर लगीन मोडला असता. माका तुमी आवडलास.

अक्षया : बंद करू हे?

परशुराम : नको. रवांदे. बा म्हाराजा, फाल्या माझो भाव मांडवाच्या दारात उभो आसतलो. एकोणीस वर्सांनी त्याच्याशी पयलो शब्द काय बोलाचो, तेवढो माका सुचय, म्हाराजा.

अक्षया : आजोबा, ह्याका ता येवचा नाय.

मथुरा : तू गप रव गो. व्हय म्हाराजा.