डाव्या स्पीकरशेजारी नऊ वर्षं

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर यायला अजून तास होता. शिवणकामवाल्या मावशी बसून बसून आंबल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या बाकावर दोन म्हातारे भाऊ जुंपले आणि मावशींनी पदर सावरून कान तिकडे लावले.

"दादा, तुझ्या त्या रॉक बँडचं पेपरात पान भरून कौतुक आलंय."

"येणारच. ऐंशीच्या दशकात त्यांच्या तोडीचं होतं कोण?"

"नुसते लांब केस होते. गाणं कुठे होतं? गायक तर बेसूर."

"होताच."

"आं? मग चाळीस वर्षं माझ्याशी भांडलास कशाला?"

"साउंड कोण सांभाळायचं? मी. तो घसरायला लागला, की त्याचा आवाज हळूच खाली घ्यायचो आणि गिटार वर. नऊ वर्षं, डाव्या स्पीकरशेजारी उभं राहून."

"कानात बोळे घालायला काय झालं होतं?"

"बोळे घातले, तर घसरायच्या आधीचा त्याचा श्वास कसा ऐकू येणार?"

"म्हणजे असल्या भिकार बँडपायी कान घालवलास!"

"डावा गेलाच. उजव्याचं आज कळेल. आता त्यांना भिकार म्हटलं, तर माझ्याजवळ उरलं काय रे?"

धाकटा पुटपुटला, "तसे बरे वाजवायचे."

"काय?"

धाकटा गुडघ्यांवर हात टेकून उठला, थोरल्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, "चांगला बँड होता, म्हणतोय!"

"मग? मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होतो?"